तेलावरचा कर आणि आपली टोरी
(ग्रामसभांच्या बैठकीतलं भाषण)



तेलाच्या पुडीत आयातकर असतो, तो डोळ्यांना दिसत नाही एवढंच. देशाला लागणारं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं. पामतेल इंडोनेशिया, मलेशियातून. 14 सप्टेंबर 2024 पासून सरकारनं कच्च्या पाम, सोया, सूर्यफूल तेलावरचा मूळ कर शून्यावरून 20 टक्के केला. सोयाबीनवाल्या शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून. मिळावाच, त्याच्याशी आपलं भांडण नाही. पण त्या हंगामात सोयाबीन 4892 रुपये हमीभावाच्या खालीच विकलं गेलं, तेल मात्र महागलं. मग 30 मे 2025 ला कर 10 टक्क्यांवर आणला.

अन्नसुरक्षा कायद्यात माणशी 5 किलो धान्य आहे, अंत्योदयला 35 किलो. तेल नाही. मजुरी तेवढीच राहिली की घरातली बाई आधी तेल कमी करते, मग डाळ. भात-मिठावर पोट भरतं, पण लेकरू वाळतं.

आणि आपण काय करतो? मोहाची टोरी व्यापाऱ्याला देतो, त्याच बाजारातून पामतेल घेऊन येतो! आपल्या आज्या टोरीचंच तेल खात होत्या. 2006 च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजावर मालकी आपली आहे. यंदा घरापुरती टोरी आधी बाजूला काढा, उरलेली विका. दोन-तीन गावांत मिळून एक घाणा बसवता येईल का, ते ग्रामसभेत बोला. रेशनवर तेल द्या, असा ठराव करून तहसीलदाराकडे द्या. पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.