नापास होण्याची सोय
(मलकापूर येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



दहावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा ठरलेला: 'यंदाही मुलींचीच बाजी'. नुसतं साल बदलायचं. 2025 ला राज्यात 96.14 टक्के मुली पास झाल्या आणि 92.31 टक्के मुलगे. आपला कोल्हापूर विभाग 96.87 टक्क्यांवर, कोकणाच्या खालोखाल. आपण 'पोरी हुशारच हो' म्हणतो आणि पान उलटतो.

पारावर याचं एक कारण हमखास ऐकू येतं. मुलींचं अक्षर चांगलं, वागणं नीट, म्हणून मास्तर खूश होऊन गुण देतात. यातलं अक्षराचं खोटं नाही. मी कैक वर्षं बोर्डाचे पेपर तपासले. पेपरावर नाव नसतं, पण पेन्सिलीनं आखलेला समास, प्रत्येक उत्तराखाली रेघ आणि घट्ट बांधलेली पुरवणी दिसली की ओळखावं, बहुधा मुलगी. प्रश्नच सुवाच्य उतरवून काढलाय आणि पुढं पान कोरं, तर बहुधा चिरंजीव. स्वच्छ पेपरावर अर्धा गुण आपसूक सांडतो, हे मी कबूल करतो.

पण मास्तरांच्या मेहेरबानीची परीक्षा एकदा होऊन गेली आहे. 2019 च्या दहावीला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले 20 गुण काढून टाकले. राज्याचा निकाल 89.41 वरून 77.10 वर कोसळला. मेहेरबानी मुलींवर होत असती, तर आपटायला हव्या होत्या मुली. आदल्या वर्षी मुली 91.97 आणि मुलगे 87.27 होते. त्या वर्षी मुली 82.82 आणि मुलगे 72.18! पावणेपाच टक्क्यांचं अंतर साडेदहाच्या वर गेलं. 2020 ला ते गुण परत आले, अंतर पुन्हा तीनवर. आता 2019 ला अभ्यासक्रमही नवा होता, आणि सगळेच पास व्हायला लागले की अंतर झाकलं जातं, हे खरंच. तरी शाळेच्या या वीस गुणांची काठी धरून काठाला कोण लागत होतं, ते दिसलंच. आम्हाला ते आधीपासून ठाऊक होतं. 'जाऊ दे, पोराचं वर्ष वाया जाईल' म्हणत वीसपैकी अठरा देणारे आम्हीच की!

मग काय, मेंदूतच फरक? 2023 च्या 'असर' पाहणीत खेड्यांतली 14 ते 18 वयाची मुलं तपासली. दुसरीचा उतारा 76 टक्के मुलींना वाचता आला, मुलग्यांपैकी 70.9 टक्क्यांना. गणितात मात्र मुलगे पुढे. जगभरच्या चाचण्यांतही वाचनात मुलीच पुढे असतात. गणिताचं चित्र मात्र देशोदेशी बदलतं, आणि मेंदू काही देशाची सीमा ओलांडून बदलत नाही. आपल्याकडं दुकानात कुणाला धाडतो, डेअरीत दुधाचा हिशेब कोण बघतो, शंभराची नोट कुणाच्या हातात देतो, तेवढं आठवून बघा.

माझं म्हणणं वेगळं आहे. मुलाला आपण नापास होण्याची सोय करून ठेवलेली असते. गणित राहिलं तर पुरवणी परीक्षा आहे, तीही हुकली तर चुलत्याचा टेम्पो आहे, शिरोलीची एमआयडीसी आहे, काहीच नाही तर रान कुठं जातंय? आणि हे त्याला सातवीतच कळलेलं असतं. मुलीला कळलेलं असतं ते दुसरं. विषय राहिला की घरात स्थळांची बोलणी सुरू. आंबा, करंजफेण या गावांकडच्या पोरी सरकारी मोफत पासावर एसटीनं शाळेला येतात. शाळा आहे तोवर तो पास आहे आणि पास आहे तोवर घराबाहेरचे सहा-सात तास आहेत. तिच्या लेखी पेपर नुसता विषयाचा नसतो. भाकऱ्या थापून, भांडी घासून दहाला पुस्तक उघडणारी पोर पुरवण्या का लावते, ते यात आहे.

म्हणून हे गुण बघून मला नुसता आनंद होत नाही. गेल्या काही वर्षांतलीच गोष्ट. निकालानंतर एक पोरगी वडिलांबरोबर घरी पेढे घेऊन आली. 91 टक्के. थोरल्या भावाला दोन वर्षांपूर्वी 54 पडले होते, तोही माझाच विद्यार्थी. मी विचारलं, "मग, सायन्सला कोल्हापूरला ना?"

ती वडिलांकडं बघायला लागली. वडील म्हणाले, "न्हाई सर, हितंच आर्ट्‌सला घालतोय. थोरल्याचा डिप्लोमा चाललाय इचलकरंजीला, त्याची खोली, मेस... दोघांचं एकदम झेपंना."

मी सरकारी सवलतींचं बोलायला लागलो. 2024 पासून आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरातल्या मुलींना इंजिनिअरिंग-मेडिकलची फी माफ आहे, असं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते बारावीनंतरचं. बारावीपतोर कुठं ठेवू तिला?"

पोरगी तेवढ्यात आत जाऊन आमच्या मंडळींना पेढे देऊन आली. डबा परत न्यायचा होता, तो तिनं नळाखाली विसळला, पदरानं पुसावा तसा ओढणीनं पुसला, आणि म्हणाली, "पप्पा, गाडी जाईल."