घरातलं काम, देशाचा आकडा

देशात किती हातांना काम आहे, हे कळतं कसं? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाची माणसं निवडलेल्या घरांत जाऊन विचारतात. एप्रिल 2017 पासून चाललेल्या या पाहणीला नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षण म्हणतात. 2025 पासून तिचे आकडे दर महिन्याला येतात.

समजा, पाहणी करणारा दारात आला. ‘ताई, तुम्ही काय करता?’ ‘काही नाही, घरीच असते.’ पण पहाटे धारा काढून दूध डेअरीला घालणं, दुपारी घरच्या शेतात खुरपणी, हे सगळं त्याच करतात. हातात मजुरी पडत नसली, तरी नियमानुसार त्या कामकरीच!

15 वर्षे व त्यापुढच्या स्त्रियांपैकी काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या 2017-18 मध्ये सुमारे 23 टक्के होत्या, 2023-24 मध्ये सुमारे 42 टक्के. यातल्या कित्येकींच्या राबण्याला मोबदला मात्र नाही.

आणखी एक. साप्ताहिक हिशेबात सात दिवसांत एक तास काम केलं, तरी माणूस कामावर धरतात. म्हणून बेरोजगारीच्या आकड्याशेजारी मिळकतीचा आकडा ठेवूनच पाहावं. तोही हीच पाहणी देते: पगारदाराचा महिन्याचा पगार, स्वयंरोजगाराची 30 दिवसांची कमाई, रोजंदारीची आठवड्यातली मजुरी.

उद्या कुणी विचारायला आलं, तर खरी माहिती द्या. आणि घरातल्या बाईचं काम सांगायला विसरू नका.