नजरेआडचं बोलणं



अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या केशोरीचं नाव काढलं की मिरची आठवते. हंगामात अंगणं लाल होतात आणि देठ तोडणाऱ्या बायकांना सगळ्यांत आधी ठसका लागतो. हात रात्रीपर्यंत चुरचुरतात. तिखटाचा पहिला वाटा ते हाताळणाऱ्याचा.

बोलण्यातल्या तिखटाचंही तसंच. शेजाऱ्याला लागेल असं बोललो, की त्याचा उतरलेला चेहरा आपल्यालाच बघवत नाही. जीभ आवरते. मोबाइलवर हा ठसका लागत नाही.

लोक म्हणतात, खोट्या नावाआड लपता येतं म्हणून माणसं वाटेल ते लिहितात. खरं आहे, पण अर्धंच. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणाचं नाव झाकलेलं असतं? नंबर माहीत, घर माहीत. तरी रोवण्याच्या मजुरीवरून सुरू झालेला वाद आईबापापर्यंत जातो. आणि तेच दोघं सकाळी चहाटपरीवर मुकाट शेजारी बसतात!

इस्रायलमधल्या नोआम लापिदोत-लेफलर आणि अझी बराक या संशोधकांनी याचाच शोध घेतला. अनोळखी माणसांच्या जोड्या करून त्यांना संगणकावरून वाद घालायला लावला. कुठे नावं लपवली, कुठे चेहरे. कुठे कॅमेऱ्यातून एकमेकांच्या डोळ्यांत पाहायची सोय केली. 2012 साली त्यांनी निष्कर्ष मांडला: भाषा बिघडते ती मुख्यतः नजरेला नजर नसते तिथे. नाव लपलं की नाही, हे त्यामानानं दुय्यम.

आपल्याकडे मंडईच्या जत्रेत दंडार हे लोकनाट्य रंगतं, तेव्हा प्रेक्षकही टोमणे मारतोच की! पण नट समोर उभा असतो. तो उलट टोला देतो, सगळे हसतात, टोमण्याची धार तिथेच बोथट होते. मोबाइलवरचा टोमणा मात्र समोरचा माणूस रात्री एकटाच पुन्हा पुन्हा वाचतो.

आता, श्रोतेहो, मलाही तुम्ही दिसत नाही. म्हणून माइकपुढे बसताना मी एक नेम पाळतो. समोर एकच माणूस बसलाय असं धरायचं आणि त्याच्याशी बोलायचं. राग आल्यावर बटण दाबण्याआधी तुम्हीही तेवढं करून पाहा. नाहीच राहवलं, तर सकाळी टपरीवर गाठून तोंडावर बोला. अर्धं बोलणं चहाबरोबरच गिळलं जाईल. उरलेलं बहुधा बोलण्यासारखंच असेल.