आमच्या घरचं कासव

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)

आदरणीय गुरुजन आणि १९८७ च्या दहावीच्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

शाळेची एखादी आठवण सांगायला मला पाच मिनिटं दिली आहेत. मी कासवाबद्दल बोलणार आहे. हसू नका, ते शाळेपर्यंत येतं.

नववीच्या सहामाहीत मी लिहिलं होतं, 'कासव आपले घर पाठीवर घेऊन फिरते.' सरांनी लाल रेघ मारली आणि प्रयोगशाळेच्या कपाटातलं कवच उलटं करून माझ्या हातात दिलं. आतून पाठीचा कणा चिकटलेला, बरगड्या रुंद होऊन एकमेकींत मिसळलेल्या. "हे घर वाटतं तुला? ही त्याची हाडं आहेत." अर्धा गुण गेला तो गेलाच.

पुढे मी ते साफ विसरलो. वडील गेल्यावर आई गावी एकटी राहते. सोबतीला एक कासव होतं, पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं. बदली होऊन गेलेले शेजारी ते ठेवून गेले होते. आई त्याला 'पंत' म्हणायची. गेल्या पावसाळ्यात पंत ओट्यावरून खाली पडले. कवचाच्या कडेची कपची उडाली, थोडं रक्त आलं. आईने त्यावर हळद दाबली. मी पोचलो तो चिकटवायची ट्यूब घेऊनच, फुटकी कपबशी जोडायला निघाल्यासारखा. बोट लागताच पंतांनी फुस्स करून मान आत घेतली आणि मला ते उलटं कवच आठवलं. हाड आहे. दुखत असणार. ट्यूब खिशात गेली.

जनावरांच्या डॉक्टरांनी आधी हळद धुऊन काढली. जखमेत पूड भरायची नाही, वरून काही चिकटवून बंद करायचं नाही, घाण आत राहून कुजते. पोव्हिडोन आयोडीन पाण्यात फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून कापसाने टिपायचं. कोरड्या खोक्यात रोज नवीन वर्तमानपत्र घालायचं. वर मच्छरदाणीचं कापड हवंच, कारण माशी बसली की अळ्या पडतात. वास आला किंवा पाणी झिरपलं तर लगेच आणायचं. भरायला काही महिने लागतील, कडेला खाच राहीलही.

मग त्यांनी आवाज खाली केला. हे स्टार कासव. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ते घरात ठेवणं गुन्हा आहे. कायदा आपण पहिलीत जायच्या आधीचा, आणि मी पन्नाशी उलटलेला पदवीधर! वनविभागाला मीच फोन केला. माणसं चौथ्या दिवशी येणार होती. ते चार दिवस सकाळ-संध्याकाळ कापूस मी धरला, खोकं आईने. दुसऱ्या दिवशी पंतांनी जास्वंदीचं फूल खाल्लं तेव्हा आई माझ्याशी पहिल्यांदा बोलली. "अरे, एवढंच तर ऐकून घेणारं होतं रे घरात."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. न्यायला आलेल्या मुलाला तिने जखम कुठे आहे ते दाखवलं आणि त्या बाजूने धरू नकोस म्हणून बजावलं. आता मी दर शनिवारी गावी जातो. पूर्वी महिन्यातून एकदा जायचो.

सर, तुम्ही समोर बसला आहात म्हणून विचारतो. ते कवच अजून कपाटात आहे का? असेल तर जेवणानंतर मला बघायचंय. आईलाही बरोबर आणलंय.