गुपिताची ठेव


उपदेश करणारे घरोघरी आहेत. समुपदेशकाचे काम निराळे. तो आपला निर्णय लादत नाही. समोरच्याचे ऐकून घेऊन त्याला स्वतःची वाट शोधण्यास साह्य करतो. अमेरिकेत कार्ल रॉजर्स यांनी १९४२ साली हाच विचार ग्रंथरूपाने मांडला.

पालक आम्हां शिक्षकांना विचारतात, "मुलगी समुपदेशिकेपाशी काय बोलली?" ते बोलणे म्हणजे अमानत आहे. ती फुटली, की मूल पुन्हा तोंड उघडत नाही. मात्र जिवाला धोका असेल तेथे मौन हा धर्म नव्हे. आणि बालकावरील लैंगिक अत्याचार पोलिसांना कळविणे २०१२ च्या कायद्याने बंधनकारकच आहे. ही मर्यादा पहिल्याच भेटीत मुलाला सांगितली पाहिजे.

आपल्या न्यासाने शिष्यवृत्त्यांच्या जोडीला असे एक विश्वासाचे दार उघडावे, एवढीच विनंती.