रात्रपाळी आणि रविवारची घंटा



आमच्या लहानपणी रविवारी सकाळी साडेनऊला चर्चची घंटा व्हायची, आणि वडिलांची रात्रपाळी सुटायची आठला. मधल्या दीड तासात ते यंत्रमागाच्या खात्यावरून सायकलनं घरी यायचे, केसांत बसलेला कापूस झाडायचे, अंघोळ करायचे आणि धुतलेला पांढरा शर्ट घालून आम्हाला घेऊन उपासनेला निघायचे. शेवटच्या बाकावर बसायचे. दुसरं गीत संपायच्या आत त्यांची मान खाली जायची. एकदा मंडळीतल्या एका पंचांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं, "मालकांना सांगा, देवाच्या घरात झोपणं बरं दिसत नाही." आई काही बोलली नाही. पण बारा तास चार माग सांभाळून आलेल्या माणसासाठी उपासना संध्याकाळी का ठेवू नये, हे त्या पंचांना कधी सुचलं नाही. बायबलात साडेनऊ ही वेळ कुठंही लिहिलेली नाही.

काळ बदलतोय, माणसं बदलतायत, तेव्हा ख्रिस्ती मंडळीच्या पुढाऱ्यांनी काय करावं, या विषयावर मला आज बोलायचं आहे. हा प्रश्न निघाला की बहुतेक ठिकाणी आधी कीबोर्ड येतो, मग पडदा आणि प्रोजेक्टर येतो, मग यूट्यूबवर उपासना सुरू होते. माझा या कशालाच विरोध नाही. 2020 च्या टाळेबंदीत मोबाइलवरच्या उपासनेनंच कितीतरी घरं एकत्र धरली. पण सामान नवं आणलं आणि पाळकसाहेब होते तिथंच उभे राहिले, तर शेवटच्या बाकावरच्या माणसाला त्याचा काय उपयोग?

इचलकरंजीकरांना 1904 हे साल वेगळं सांगायला नको. श्रीमंत नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या जहागिरीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला तो त्या वर्षी. हातमागाच्या गावाचं घड्याळ तिथून बदललं. त्याच 1904 मध्ये ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, मला आपलं त्या शेजारी शेजारी ठेवायला आवडतं.

टिळक कोकणातले, करजगावचे ब्राह्मण. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांच्या हाती नवा करार दिला, आणि 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढं अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी काम केलं. तेव्हाच्या मंडळीत गाणी मराठी शब्दांची असली तरी पुष्कळांच्या चाली विलायती होत्या. शब्द चालीत बसवायचे म्हणून ऱ्हस्वाचं दीर्घ आणि दीर्घाचं ऱ्हस्व व्हायचं. ख्रिस्ती कीर्तनाची सुरुवात नगरकडे टिळकांच्या आधीच झाली होती, पण मंडळीला अभंग, ओवी, भजन आपलंसं करून दिलं ते टिळकांनी. आपण तुकोबाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. खेड्यातली बाई जात्यावर बसून ख्रिस्ताची ओवी म्हणू लागली, त्याचं बरंच श्रेय त्यांना आहे.

इथपर्यंतची गोष्ट आपण अभिमानानं सांगतो. पुढची जरा अडचणीची आहे, म्हणून कमी सांगितली जाते. 1917 मध्ये टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, संन्याशासारखे राहू लागले आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' उभा करायला घेतला. त्या दरबारात बाप्तिस्मा झालेल्यांना जागा होती, आणि ख्रिस्तावर जीव आहे पण बाप्तिस्मा झालेला नाही अशांनाही होती. आजही एखाद्या पाळकसाहेबांनी हा ठराव पंचांच्या बैठकीत मांडून पाहावा, बैठक चहाच्या आत मोडेल! टिळकांना वेळ फार मिळाला नाही. 9 मे 1919 ला ते गेले. पण पाळकाचा पगार परदेशातून येत असला तर लोक त्याच्याकडे कशा नजरेनं पाहतात, हे त्यांना कळलं होतं, आणि कळल्यावर त्यांनी आधी स्वतःचा पगार सोडला. गाण्याची चाल बदलण्यापेक्षा हे कितीतरी अवघड.

आणखी एक. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. त्यांचा बाप्तिस्मा 1900 चा. मधल्या काळातली ताटातूट, मग एका घरात राहूनही पाळलेलं सोवळं आणि हळूहळू सुटत गेलेला विटाळ हे सगळं त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात आहे. शाळेचं तोंड न पाहिलेल्या याच बाईंनी पुढं टिळकांचं अपुरं काव्य 'ख्रिस्तायन' हाती घेतलं आणि त्याचा फार मोठा भाग लिहिला. घाई न करणं हाही पाळकाच्या कामाचाच भाग आहे, असं 'स्मृतिचित्रे' वाचताना मला नेहमी वाटतं.

उलट गोष्टही आपल्याच इतिहासात आहे. फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानं 1616 मध्ये मराठी ओव्यांत 'ख्रिस्तपुराण' छापलं. पुढं 1684 मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज सत्तेनं फर्मान काढून लोकांना त्यांची बोली सोडायला सांगितलं. ज्या मातीत पुराण रंगलं, तिथल्या बोलीलाच दार बंद! पंडिता रमाबाईंनी मात्र केडगावच्या मुक्ती सदनात हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बाईला कळेल असं बायबल मराठीत आणलं. 1922 मध्ये ते काम हातावेगळं करूनच त्या गेल्या.

आता आपल्या इचलकरंजीच्या भागाकडे येऊ. कोल्हापूरला मिशनरी रॉयल वाइल्डर 1852 मध्ये आले, मिरजेला डॉक्टर वॉनलेस यांनी 1894 मध्ये दवाखाना काढला. त्यांच्या शाळा-दवाखान्यांच्या सावलीत आपल्या भागातल्या मंडळ्या वाढल्या. ती सावली आता पुरत नाही. आज खात्यावर जाऊन बघा. मागावर बिहारचा, ओडिशाचा, उत्तर प्रदेशचा पोरगा उभा आहे. शेजारी जॉबर कानडी बोलतोय, दिवाणजी मराठीत हिशेब मांडतोय. तिकडे मंडळीतली शिकलेली मुलं पुण्याला गेली, नाताळाला येतात तेव्हा हिंदी आणि इंग्रजी गाणी म्हणतात, आणि आपले वडीलधारे कपाळाला आठ्या घालतात. मला त्या आठ्या समजतात. उपासना संगीताच्या पुस्तकावर माझंही प्रेम आहे. पण विलायती चाली काढून अभंग आणणाऱ्या टिळकांवरही त्या वेळी कुणीतरी आठ्या घातल्याच असतील.

काहीजण विचारतात, असं वाकत गेलं तर मूळ उपदेश पातळ होणार नाही का? प्रश्न खोटा नाही. चर्चला करमणुकीचं ठिकाण करणारे पुढारीही मी पाहिलेत. पण उपासनेची वेळ बदलल्यानं, पाळकानं कामापुरती हिंदी आणि कानडी शिकल्यानं, पंचांच्या बैठकीत एखाद्या वहिफणी कामगाराला किंवा कांडी भरणाऱ्या बाईला खुर्ची दिल्यानं कुठला उपदेश पातळ होतो, ते मला कुणीतरी समजावून सांगावं. आजवर पाळी सांभाळून, झोप मोडून, हप्त्याची मजुरी बुडवून कामगारच मंडळीशी जुळवून घेत आलाय.

वडील थकत आले तेव्हा एक तरुण पाळक आमच्याकडे आले होते. त्यांना प्रवचन फारसं जमायचं नाही. पण एका रात्री ते खात्यावर आले. मागांच्या खडखडाटात प्रार्थना कसली करणार? वडिलांच्या कानाला तोंड लावून चार शब्द बोलले, मग चहा येईपर्यंत रिकाम्या बीमवर बसून राहिले. वडील हे शेवटपर्यंत सांगायचे. त्या पाळकांचं एकही प्रवचन मात्र त्यांना आठवत नव्हतं.

आपल्या भागातल्या सगळ्या मंडळ्यांच्या पाळकांना आणि पंचांना माझी एक विनंती आहे. येत्या नाताळाचा कार्यक्रम ठरवायला बसाल, त्याच्या आधी एक रात्र खात्यावर जाऊन या. चहा दोनच्या सुमाराला येतो.