डोंगरातल्या शहरात भाड्याने राहायचंय? आधी पाणी विचारा, मग व्ह्यू

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या डोक्यात असतोच, विशेषतः सोमवारी सकाळी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये. "लॅपटॉप उचलावा आणि डोंगरात जाऊन राहावं." मी गेलं दीड वर्ष शिमल्यात भाड्याने राहतोय, रिमोट काम करतोय. तर आज रील्स बाजूला ठेवू आणि घरभाड्याचं बोलू.

आधी शहर समजून घ्या. शिमला साधारण २,२०० मीटर उंचीवर आहे. १८६४ मध्ये इंग्रजांनी ते उन्हाळी राजधानी केलं, आणि कलकत्त्याचं सरकार दर उन्हाळ्यात फायली घेऊन इथे यायला लागलं. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १.७ लाखाच्या आसपास होती. म्हणजे साताऱ्यापेक्षा मोठं, पण सगळं उतारावर. वर रिज आणि मॉल रोड, खाली कार्ट रोड, आणि मध्ये पायऱ्या, पायऱ्या, पायऱ्या.

म्हणून पहिला प्रश्न: रस्त्यापासून घरापर्यंत किती पायऱ्या? ब्रोकर सांगतो, "रोड के पास है." असेल जवळ, पण नव्वद पायऱ्या खाली! इथे बऱ्याच बिल्डिंगमध्ये रस्ता गच्चीला लागतो आणि आपण मजले उतरत घरी जातो. गॅस सिलेंडर, फ्रीज, सगळं पाठीवरून येतं. हे काम मुख्यतः काश्मिरी हमाल करतात, त्यांना इथे 'खान' म्हणतात. त्यांची मजुरी अंतर आणि चढ बघून ठरते. तुमच्याकडे आई-बाबा राहायला येणार असतील तर पायऱ्या स्वतः मोजा.

दुसरा प्रश्न पाण्याचा. शहर डोंगराच्या माथ्यावर, पाणी खाली दरीतल्या ओढ्या-नद्यांत. गुम्मा, गिरी अशा ठिकाणांहून ते पंपाने वर चढवतात. मे २०१८ मध्ये हे गणित कोलमडलं. लोक रात्री टँकरपुढे रांगा लावत होते आणि "पर्यटकांनो, येऊ नका" असे मेसेज फिरत होते. त्याआधी २०१५-१६ च्या हिवाळ्यात अश्वनी खड्ड या ओढ्यात सांडपाणी मिसळलं आणि शहरात काविळीची मोठी साथ आली. त्यामुळे विचारा: पाणी किती दिवसांआड येतं? टाकी किती लिटरची? एकट्याची की सगळ्यांत मिळून? साधा हिशोब आहे. हजार लिटरची टाकी, दोन माणसं, माणशी रोज शंभर लिटर: पाच दिवस. तीच टाकी चार घरांत असेल तर दीड दिवसही पुरत नाही. आणि जानेवारीत पाइप गोठतात, तेव्हा रात्री नळ बारीक चालू ठेवायचा.

तिसरा प्रश्न उन्हाचा. लक्कड बाजाराजवळ १९२० पासून बर्फाचं स्केटिंग रिंक आहे. मशीन नाही, नुसती थंडी आणि सावली. रिंकसाठी ते छान आहे, पण तुमची बेडरूम तशीच सावलीत असेल तर? दक्षिण उतारावरचं घर आणि उत्तर उतारावरचं घर, भाडं सारखं असलं तरी हिवाळा वेगळा. सावलीतल्या घरात हीटरचं बिल वाढतं आणि पावसाळ्यात कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते. शेजाऱ्यांना विचारा, "डिसेंबरमध्ये इथे ऊन किती वाजेपर्यंत असतं?" ब्रोकरला नको, शेजाऱ्यांना.

चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: उतार. २०२३ च्या जुलैत आपल्याकडे इर्शाळवाडी झाली. त्यानंतर महिनाभरात, १४ ऑगस्टला, शिमल्याच्या समर हिल भागात शिवमंदिरावर दरड आली आणि २० जण गेले. खालून जाणाऱ्या कालका-शिमला रेल्वेचे रूळ हवेत लोंबकळत होते. १९०३ साली सुरू झालेली, युनेस्कोच्या वारसा यादीतली ती रेल्वे!

घर बघायला गेलात की खिडकीतून समोरच्या देवदारांचा फोटो काढण्याआधी घराच्या मागे जा. इथे आधारभिंतीला 'डंगा' म्हणतात. डंग्याला तडे आहेत का, तो पुढे फुगलाय का, पाणी निघायला भोकं आहेत का आणि ती बुजली तर नाहीत ना? गच्चीचं पाणी पाइपाने नाल्यात जातं की मोकळं उतारावर सोडलंय? दारं-खिडक्या चौकटीत अडकतात का? हे बघायला सिव्हिल इंजिनिअर लागत नाही. शंका आली तर पावसाळ्यात तरी ते घर नको.

आता कागद. हिमाचलमध्ये १९७२ च्या कायद्याच्या कलम ११८ मुळे बाहेरच्या माणसाला सरकारी परवानगीशिवाय जमीन घेता येत नाही. म्हणून आपल्यासाठी भाडं हाच सरळ रस्ता. भाडेकरूंसाठी १९८७ चा शहरी भाडेनियंत्रण कायदा आहे, म्हणजे बाहेर काढायला कायद्यात बसणारं कारण लागतं. करार बहुतेक अकरा महिन्यांचा करतात, कारण वर्षभराचा किंवा त्याहून मोठा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. पोलीस पडताळणी करून घ्या. आणि एक गोष्ट लेखी घ्या: एप्रिल ते जून मध्येच घर रिकामं करायला लावणार नाही. कारण तो सीझन असतो, आणि तीच खोली दिवसाच्या भावाने जाते.

आणि इथे मला खरं बोलायचंय. माझ्या खालच्या मजल्यावर विद्यापीठात शिकणारी दोन मुलं राहायची, रोहडूकडची. आठ हजारांत खोली होती. मालकाने तिचा होमस्टे केला. मुलं आता संजौलीच्या पलीकडे राहतात, बसला रोज दीड तास. त्यांचा अभ्यासाचा वेळ कुठे गेला, ते आपल्याला माहीत आहे.

आपण पुण्याचा पगार घेऊन इथे येतो. आठ हजारांची खोली पंधराला आपल्याला स्वस्तच वाटते, पण मग तो आकडा पुढच्या सगळ्यांसाठी रेट होतो. "मग जाऊच नये का?" असं मी म्हणत नाही. जा, पण राहायला जा. महिनाभरासाठी होमस्टे अडवण्यापेक्षा अकरा महिन्यांचा करार करा. आधीचा भाडेकरू किती देत होता ते विचारा आणि त्याच्या आसपासच बोला. "कितीही देतो" हे वाक्य बोलू नका. शिवाय घासाघीस करायला आपल्या आईने शिकवलंच आहे!

तुम्ही कुठल्या डोंगरी गावात भाड्याने राहिला असाल, अल्मोडा, गंगटोक, आपलं पाचगणी, तर पाणी आणि भाड्याचा अनुभव व्हॉइस नोट करून पाठवा. निवडक नोट्स पुढच्या भागात ऐकवतो. तोवर, घर बघायला गेलात की आधी नळ उघडा. भेटू!